खडकीचं पितळ

नाना खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत आकुर्डीला आमच्या शेडवर यायला लागले. पेन्शन चालू होती, बोपोडीला स्वतःच्या दोन खोल्या होत्या, मुलगा नोकरीला लागलेला. "दिवसभर घरात बसलो तर सुनेच्या पायात येतो," एवढंच कारण त्यांनी आमच्या मालकांना सांगितलं. पगाराचं विचारलं तेव्हा म्हणाले, लोकलचा पास काढून द्या, बाकी तुमच्या मनाला येईल ते. मालकांच्या मनाला फारसं काही आलं नाही. तरी नाना येत राहिले, आणि मी आज जो काही आहे तो त्यांच्या त्या येण्यामुळे.

हे ऋण कुणाला सांगायला गेलं की ऐकणारा मान डोलावतो. म्हाताऱ्याने पोराला प्रेस टूलचं काम शिकवलं, चांगलं केलं. पण नानांनी मला जे दिलं ते नुसतं टूलचं काम नव्हतं. पितळेची वाटी ओढत ओढत लांब नळकांडं कसं करायचं, हे हुन्नर मुळात काळ्या दारूच्या, मागून भरायच्या बंदुकीसाठी घडलेलं होतं. ती बंदूक कधीच म्युझियममध्ये जाऊन बसली. तिच्यासाठी तयार झालेल्या कामावर माझ्या घरची चूल पेटली.

१९८०च्या पुढची ती वर्षं. मी औंधच्या आयटीआयमधून फिटर होऊन बाहेर पडलो होतो. मुंबई-पुणे रस्त्याला बजाज ऑटो आणि बजाज टेम्पोच्या लांबच लांब भिंती, शिफ्ट सुटली की सायकलींचा लोंढा, आणि मोठ्या कारखान्यांच्या आडोशाने उभ्या राहिलेल्या आमच्यासारख्या पत्र्याच्या शेड. चेतक स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. आकुर्डी गाव मात्र अजून गावच होतं. आषाढी वारीत देहूहून निघालेली तुकोबांची पालखी विठ्ठल मंदिरात मुक्कामाला यायची तेव्हा आमच्या शेडचं शटर अर्धं खाली असायचं. खंडोबाच्या माळावर मोकळी हवा होती, आणि शेडच्या भिंतीला भिंत लावून म्हशींचे गोठे होते. या गोठ्यांचं पुढे काम आहे.

आमच्याकडे विजेच्या बल्बच्या होल्डरची पितळी कवचं व्हायची. पॉवर प्रेसवर पत्र्यातून चकती तोडायची, तिची वाटी करायची, वाटी पुन्हा ओढून अरुंद आणि उंच करायची. वाटी फाटायची, काठाला सुरकुत्या पडायच्या, आणि मालक दर आठवड्याला पितळवाल्याला शिव्या द्यायचे. नानांनी आल्या आल्या फाटलेली एक वाटी उचलली, काठावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हिला मधे भाजली का नाही?"

तिथून शिकवणी सुरू झाली.

मी मूळचा संगमेश्वर तालुक्यातला. डुकरं शेतात शिरतात म्हणून आमच्या काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. ती भरण्याचा सोहळा मी लहानपणी डोळे विस्फारून बघत असे. नळीच्या तोंडातून मापाने दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणी. मग घोड्याखालच्या बोंडीवर केप बसवायची. तोवर डुक्कर पुढच्या वाडीत पोचलेलं असायचं. हे मी नानांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. म्हणाले, "तुझ्या काकांची ती अजून पुढून जेवते. साऱ्या जगाने एवढ्या खटपटी केल्या त्या तिला मागून जेवू घालायला."

मागून भरायची कल्पना काही नवी नव्हती. पोर्तुगिजांबरोबर आलेल्या लहान तोफांत मागच्या बाजूला दारूचं वेगळं भांडं बसवायची सोय होती. अडचण एकच, पण जीवघेणी. नळी मागून उघडी केली की ती कितीही घट्ट बंद करा, दारू पेटल्यावर तापलेला वायू फटीतून मागे येणार. आणि मागे बंदूक चालवणाऱ्याचा गाल असतो. प्रशियाच्या सैन्याने १८४१मध्ये ड्रायझेची सुईची बंदूक स्वीकारली. ती मागून भरायची, पण काडतूस कागदाचं. वायू असा सुटायचा की शिपाई ती खांद्याला लावण्याऐवजी कमरेवर धरून झाडत. फ्रेंचांनी १८६६मध्ये आपल्या शास्पो बंदुकीत रबराची चकती घातली. गळती कमी झाली, पण रबर उष्णतेने जळायचं.

"पोलादाला पोलाद घासून किती घासशील?" नाना म्हणायचे. "फट राहतेच. मग ती फट बुजवायचं काम काडतुसालाच दिलं. पितळेला."

त्यांनी ते मला शेडच्या फरशीवर खडूने काढून दाखवलं. दारू पेटली की पितळेचं पातळ कवच फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटतं. वायूला मागे यायला वाटच राहत नाही. गोळी बाहेर पडली, दाब उतरला, की पितळ केसभर आखडतं आणि मोकळं होतं. मग मागून ओढून काढता येतं. फुगायचं, पण फाटायचं नाही. चिकटायचं, पण अडकायचं नाही. आणि हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मागून भरायच्या बंदुकीचं खरं कुलूप बंदुकीत नसतं. शिपाई जे वापरून मातीत फेकून देतो, त्या कवचात असतं.

ते कवच एका दिवसात जमलं नाही. इंग्रजांकडे ठासणीच्या एनफील्ड बंदुकांचे ढीग पडले होते. तीच १८५३च्या नमुन्याची बंदूक, जिच्या चरबी लावलेल्या कागदी काडतुसावरून १८५७चा भडका उडाला. ते काडतूस दाताने फोडावं लागे. पुढे जेकब स्नायडर नावाच्या अमेरिकनाची युक्ती त्यांनी १८६६मध्ये उचलली. एनफील्डची नळी मागच्या टोकाला कापायची, तिथे उजवीकडे उघडणारं बिजागरीचं झाकण बसवायचं, आणि जुन्याच बंदुकीला मागून भरायची करून टाकायचं. नाना याला "जुन्या घराला नवं दार" म्हणत. या बंदुकीसाठी वुलिचच्या कर्नल बॉक्सरने काडतूस बनवलं. पण ते अखंड पितळेचं नव्हतं. पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून नळी केलेली, आणि खाली लोखंडी बूड. वरून दिसायला ठीक, पण तापलेल्या, दारूच्या राखेने माखलेल्या नळीत ती गुंडाळी चिकटून बसे आणि ओढणारा काटा नुसतंच बूड उपटून आणी. पुढे सुदानच्या मोहिमेत असल्या काडतुसांनी ऐन लढाईत बंदुका अडवल्या. तेव्हा कुठे अखंड ओढलेल्या पितळी काडतुसाकडे इंग्रजांचं लक्ष वळलं.

आणि या स्नायडरच्या काळातच, १८६९मध्ये, खडकीची फॅक्टरी सुरू झाली. सुरुवातच मुळी लहान शस्त्रांच्या काडतुसांसाठी. नानांना या सालाचा फार अभिमान. "टाटांनी पोलाद ओतायच्या कितीतरी आधी आम्ही पितळ ओढत होतो," असं ते म्हणत. मी दुरुस्त करायला जात नसे. सुरुवातीचं काम गुंडाळलेल्या पत्र्याचं, ओढलेल्या पितळेचं नंतरचं. पण फॅक्टरी एकच, आणि नानांच्या लेखी सगळी पिढ्यानुपिढ्यांची माणसं 'आम्ही'.

ज्या बंदुकीने हे प्रकरण खरं पुढे नेलं ती मार्टिनी-हेन्री, १८७१ची. तिचं चित्र नानांनी किती वेळा काढलं असेल! चापाच्या मागे लांब लोखंडी दांडा. तो खाली ओढला की मागचा ठोकळा पुढच्या टोकाने खाली झुकतो आणि नळीचं तोंड उघडं पडतं. ठोकळ्याच्या पाठीवर खोबण, तिच्यावरून काडतूस सरळ आत घसरतं. दांडा वर घेतला की ठोकळा बंद, आणि आतली सुई आपोआप ताणलेली. बाहेर घोडाच नाही. कसलेला शिपाई मिनिटाला बारा गोळ्या झाडू शकत असे. माझ्या काकांच्या बंदुकीला त्या वेळात एकीचंही खात्रीने सांगता यायचं नाही. ठोकळ्याची कल्पना स्वित्झर्लंडच्या मार्टिनीची, तीही पीबॉडी नावाच्या अमेरिकनाच्या कामावर उभी. नळीच्या आतला पीळ एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीचा: सात चर, बावीस इंचांत एक फेरा. नळी जवळपास तेहेतीस इंचांची, म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत अवघी दीड वेळा फिरते. पण वेगामुळे बाहेर पडल्यावर ती सेकंदाला सातशेपेक्षा जास्त गिरक्या घेत जाते. गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे एकतीस ग्रॅम. बारा भाग शिसं, एक भाग कथील, आणि अंगाभोवती कागद गुंडाळलेला, म्हणजे शिसं चरांत भरून बसत नाही. दारू ८५ ग्रेन, साडेपाच ग्रॅम. तीन-चतुर्थांश सोरा, बाकी कोळसा आणि गंधक. तो सोरा इंग्रज कैक वर्षं आपल्याच बिहारमधून नेत आले होते.

नळी कशी करत, हे नानांनी ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत प्रशिक्षणाला गेले असताना तिथल्या जुन्या माणसांकडून ऐकलं होतं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. पोलादाच्या गजाला एवढं लांब सरळ भोक पाडणं हीच आधी मोठी गोष्ट. मग ते रीमरने साफ करायचं. मग नळी सरळ करायची, आणि ती करायचा माणूस वेगळा. तो खिडकीच्या काचेवर एक काळी पट्टी लावून नळीतून तिच्याकडे बघे. आतल्या चकचकीत भिंतीवर पट्टीची सावली पडते. सावलीची कड कुठे तुटली, कुठे फुगली, त्यावरून वाक कुठे आहे ते त्याला कळे, आणि तो तिथेच हातोड्याचा एक ठोका देई. मोजपट्टी नाही, डायल नाही. त्यानंतर चर. लांब दांड्याच्या टोकाला छोटंसं कापणारं पातं, ते फिरत फिरत ओढायचं, एका खेपेला सोन्याच्या वर्खाएवढं कापायचं, एक चर पुरा झाला की नळी वळवून दुसरा. मग दुप्पट दारू भरून चाचणी. तिथे तगली तर नळीला गंज चढवायचा. हो, मुद्दाम. क्षाराचं पाणी लावून दमट खोलीत ठेवायची, गंज आला की उकळत्या पाण्यात घालायची, तारेच्या ब्रशने घासायची, पुन्हा क्षार. असं करता करता अंगावर तो काळपट तपकिरी रंग मुरतो, जो पुढे खऱ्या गंजाला येऊ देत नाही.

पण नानांचा स्वतःचा प्रांत काडतुसाचा. तिथे ते ऐकीव सांगत नसत.

सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. चकती तोडायची, वाटी करायची. मग एकामागून एक ओढण्या, प्रत्येक ओढणीत व्यास कमी, भिंत पातळ, उंची जास्त. प्रत्येक ओढणीनंतर पितळ कडक होतं, आतून ताठरतं. तसंच पुढे रेटलं की फाटतं. म्हणून मधे मधे भाजायचं, सहाशे-साडेसहाशे अंशांवर. आमच्या शेडला पायरोमीटर नव्हता. नाना भट्टीच्या कोपऱ्यावर पोतं टांगून अंधार करायचे आणि पितळेचा रंग बघायचे. मंद लाल. त्याच्या वर गेलं तर दाणा मोठा होतो आणि पुढच्या ओढणीला अंग संत्र्याच्या सालीसारखं खरखरीत निघतं. भाजून झालं की पातळ केलेल्या गंधकाम्लात बुडवून काळं काढायचं, धुवायचं, साबणाच्या पाण्यात घोळवून पुन्हा प्रेसखाली. तेल नको, साबणाचं पाणी. मालकांना वाटलं म्हातारा पैसे वाचवतोय. नाना म्हणाले, शंभर वर्षं खडकीत साबणच चालतोय.

आणि खरी कारागिरी शेवटी. काडतुसाच्या बुडाला कडकपणा हवा, कारण ओढणारा काटा तिथे धरतो आणि दाबही तिथे बसतो. तोंडाशी मऊपणा हवा, कारण फुगायचं तिथे आहे. म्हणजे एकाच तुकड्याचं एक टोक पोलादासारखं आणि दुसरं मेणासारखं. त्यासाठी बूड ठोकून घडवायचं आणि पुन्हा तापवायचं नाही. तोंड मात्र शेवटी ज्योतीवरून फिरवून घ्यायचं. आजही काडतुसाच्या तोंडाशी जी निळसर झाक दिसते ती त्या ज्योतीची. आमच्या होल्डरच्या कवचाला बुडाशी असला काही जोर लागत नव्हता. तरी नानांनी मला ते करायला लावलं. टाकाऊ कवचं घेऊन मी बुडाला कडक, तोंडाला मऊ करत बसायचो, नाना कानस घेऊन दोन्ही टोकांवर एक-एक फरकाटा मारायचे आणि आवाजावरून सांगायचे, जमलं की नाही.

मग तो पावसाळा आला. पार्टीने माल उशिरा उचलायचं ठरवलं म्हणून तयार कवचांची खोकी मागच्या पडवीत रचून ठेवली. पडवीच्या भिंतीपलीकडे गोठा. श्रावणात खोकी उघडली तर कवचांना उभ्या भेगा. कुणी हात लावला नाही, कुणी ठोकलं नाही, नुसती ठेवली होती आणि भेगाळली. तोंडापासून बुडापर्यंत, सुरीने कापल्यासारख्या. मालकांनी डायला दोष दिला, डायवाल्याने पितळेला, पितळवाल्याने हवेला. सगळे आपापल्या परीने खरं बोलत होते, पण माल कुणीच घेत नव्हतं.

नाना पडवीत गेले, उभं राहून खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "हे घोड्याचं दुखणं आहे. इथे म्हशीचं झालंय, एवढंच."

त्या दुखण्याची हकिकत धातुशास्त्राच्या पुस्तकांतून आहे, आणि ती आपल्याच देशातली आहे. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात मोहिमा थंड असायच्या. दारूगोळा कुठेतरी छपराखाली ठेवायचा, तर तबेले मोकळे मिळत. पाऊस सरला की पेट्या उघडल्यावर काडतुसांना भेगा. पावसाळी हंगामातच होतं, म्हणून त्या तडकण्याला हंगामाचंच नाव पडलं, असं सांगतात. खरं कारण १९२१मध्ये इंग्लंडमधल्या तिघा धातुतज्ज्ञांनी मांडलं. ओढताना पितळेच्या अंगात ताण कोंडून राहतो. बाहेरून तो दिसत नाही. घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया आणि पावसाळी दमट हवा एकत्र आली की ती पितळेतल्या तांब्याला दाण्यांच्या सीमांवरून खायला लागते, आणि आत कोंडलेला ताण ती वाट पकडून कवच फाडून टाकतो. दोन्ही लागतात, ताणही आणि अमोनियाही. एक काढला तरी पितळ वाचतं.

नानांनी हे सांगून सोडलं नाही, करून दाखवलं. त्या काळी कारखान्यांचे नकाशे अमोनियाच्या मशीनवर छापून निघत. चिंचवडच्या एका प्रिंटवाल्याकडून मला बाटलीभर अमोनिया आणायला पाठवलं. बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसेना. हॉर्लिक्सच्या बरणीत तळाला अमोनिया, वर जाळीवर चार कवचं. दोन तशीच, दोन शेवटी मंद आचेवर, अडीचशे-पावणेतीनशे अंशांच्या आसपास तासभर ठेवून ताण उतरवलेली. एवढ्या उष्णतेने पितळ मऊ होत नाही, नुसता आतला ताण ढिला पडतो. झाकण लावलं आणि घरी गेलो. सकाळी पहिली दोन भेगाळली होती, दुसऱ्या दोन्हींना काही झालं नव्हतं. मालकांनी बरणीत बघितलं, मग माझ्याकडे, मग नानांकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा बहुधा स्वतःहून सगळ्यांना वडापाव मागवला.

त्या बरणीवर माझं नंतरचं करिअर उभं आहे, असं मी म्हणतो तेव्हा अतिशयोक्ती करत नाही. पितळेचे ओढकामाचे भाग माझ्याकडे का येतात, दुसरीकडे का जात नाहीत, याचं कारण ती बरणी आहे.

आता या ऋणाची दुसरी बाजू. तिच्याबद्दल मी नानांच्या हयातीत त्यांच्याशी बोललो, आणि आमचं एकमत झालं नाही.

१८५७नंतर देशी पलटणींच्या हाती सरकारने मुद्दाम एक पिढी मागची बंदूक ठेवली. २७ जुलै १८८०ला कंदहारजवळ मैवंदला इंग्रजांची ब्रिगेड मोडली, तेव्हा मुंबई लष्कराच्या ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स या पलटणींच्या हाती स्नायडर होत्या, आणि त्याच मैदानात ६६व्या गोऱ्या पलटणीच्या हाती मार्टिनी-हेन्री. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची एक तुकडीही तिथे लढली. आपल्या मुलखातली माणसं परक्यांच्या लढाईत, जुनी बंदूक घेऊन. इकडे १८७८च्या हत्यारांच्या कायद्याने लोकांच्या घरातल्या बंदुकांवर परवान्याचा अंकुश आला. माझ्या काकांचा परवाना दर नूतनीकरणाला चिपळूण-रत्नागिरीच्या खेपा घालायला लावायचा, तोही त्याच वंशावळीतला. आणि आकुर्डीच्या शेजारच्या स्टेशनावर चिंचवड, जिथल्या चापेकर बंधूंनी २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडला गोळी घातली. गणेशखिंड आणि खडकी लागून लागून आहेत. एका बाजूला सरकारी काडतुसांची फॅक्टरी, दुसऱ्या बाजूला कुठून तरी मिळवलेलं एखादं पिस्तूल.

मग मी नानांना विचारलं, हे हुन्नर आलं तेच आपल्याला दाबण्यासाठी. त्याचं ऋण मानायचं तरी कसं?

नाना चिडले. क्वचित चिडायचे. म्हणाले, "इंग्रज गेला, फॅक्टरी राहिली, आम्ही राहिलो. पासष्टला आणि एकाहत्तरला आम्ही दोन-दोन पाळ्या केल्या, तेव्हा कुणी विचारायला आलं नाही हे हुन्नर कुणाचं. मला माझ्या मिस्त्रींनी शिकवलं. त्यांना त्यांच्या मिस्त्रींनी. त्यातला एकही गोरा नव्हता."

माझं समाधान झालं नाही, आणि आजही झालेलं नाही. पण नानांचं शेवटचं वाक्य खोडून काढता येत नाही. नकाशे आणि मशीनं तिकडून आली. पण पोत्याआड रंग बघून पितळ भाजणारा डोळा बोपोडी-दापोडीच्या चाळीत एकाकडून दुसऱ्याकडे गेला. त्याची नोंद कुठल्याही सरकारी रजिस्टरात नाही.

तसं बघितलं तर आख्ख्या आकुर्डीचंच असं आहे. १८५०च्या दशकात इंग्रजांनी एनफील्डच्या कारखान्यासाठी अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या रॉबिन्स अँड लॉरेन्सकडून मशीनं मागवली. कोणत्याही बंदुकीचा भाग कोणत्याही बंदुकीला बसलाच पाहिजे, हा हट्ट तिथे पक्का झाला, आणि तो गेजने पुरा केला: एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. लाकडी दस्ते कोरायला ब्लँचर्डचं लेथ होतं, जे नमुन्यावरून हुबेहूब आकार उतरवतं. बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांनी १८६१मध्ये काढलेली बीएसए पुढे सायकली आणि मोटरसायकली करू लागली. तिच्या खुणेत तीन बंदुका एकमेकींना टेकून उभ्या. एनफील्डच्या बंदूक कारखान्याचे भाग करणाऱ्यांनी स्वतःच्या गाडीला रॉयल एनफील्ड नाव दिलं आणि ती बंदुकीसारखी बनवलेली आहे अशी जाहिरात केली. मी कामाला लागलो तेव्हा आमच्या आखणीच्या बेंचवर व्हिटवर्थच्या आट्यांचे टॅप पडलेले असायचे. आटे प्रमाणात बसवणारा तोच जोसेफ व्हिटवर्थ, ज्याने षटकोनी नळीची बंदूकही केली होती. स्कूटरच्या भागांची तपासणी करणारा इन्स्पेक्टर गो-नोगो गेज घेऊन आमच्या दारात उभा राहायचा तेव्हा मला हे काहीच माहीत नव्हतं. नाना मात्र त्याच्याकडे बघून, आपल्याच खात्यातला माणूस बदलीवर आल्यासारखे हसायचे.

बजाजने आकुर्डीत दुचाकी बनवणं २००७मध्ये थांबवलं, आणि २०२२मध्ये तिथेच विजेवरच्या चेतकचा कारखाना सुरू केला. खडकीची फॅक्टरी २०२१च्या फेरबदलात म्युनिशन्स इंडिया या कंपनीत गेली. नानांनी यातलं काही बघितलं नाही. आमची ती शेडही राहिली नाही. गोठेही नाहीत.

मी स्वतःचं युनिट चाकणला टाकलं तेव्हा मात्र नाना होते. नारळ त्यांच्याच हातून फोडायचा हे ठरलेलं होतं. गुरुवारची सुट्टी धरून आम्ही त्यांना गाडीने आणलं. पूजेची तयारी झाली होती, भटजी आले होते, घरच्या बायका पेढे घेऊन उभ्या. नाना आत शिरले ते थेट पूजेकडे गेलेच नाहीत. प्रेस बघितला, भट्टी बघितली, माझी बरणी कुठे ठेवणार ते विचारलं. मग स्टोअरच्या खोलीत गेले, भिंतीला हात लावून उभे राहिले आणि विचारलं, "पलीकडे काय?"

पलीकडे कामगारांची मुतारी होती. गवंड्याला पाण्याची लाइन जवळ पडली, म्हणून त्याने ती तिथे काढली होती.

नानांनी नारळ परत पिशवीत घातला. भटजींनी मुहूर्ताची आठवण करून दिली, माझ्या बायकोने विनवलं, मी म्हटलं नाना, उद्याच हलवतो, आज फोडून टाका. "हलव, मग कळव," म्हणाले, आणि पेढा मात्र खाल्ला. ज्या गवंड्याने ती मुतारी बांधली त्यानेच ती पाडायचे वेगळे पैसे घेतले. ती प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला गेली, स्टोअरला खिडकी पडली, आणि पुढच्या गुरुवारी, बिनमुहूर्ताचा, नानांनी नारळ फोडला.